ब्रोकनब्रोची वही

आमच्याकडे देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिली सभा जोरात होते. आकडे घालायला सगळे पुढे. अमक्याने पाच हजार लिहिले म्हणून तमका सात लिहितो. मग गवंडी कामाला लागतात, चिऱ्यांचे ट्रक येऊन पडतात, आणि कमिटीवरचा कोणी एक बिचारा वही काखेत मारून दारोदार फिरू लागतो. लिहिलेला आकडा आणि हातात आलेला पैसा ह्यांत किती अंतर असते ते त्याला विचारावे. पुढे देवळात संगमरवरी पाटी बसते, तेव्हा तिच्यावर त्याचे नाव क्वचितच असते.

ही अशाच एका वहीवाल्याची गोष्ट. फक्त तो अमेरिकेतला, दोनशे वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या कमिटीवर दोन माजी राष्ट्राध्यक्ष. नाव आर्थर स्पायसर ब्रोकनब्रो. व्हर्जिनिया विद्यापीठाचा हा प्रॉक्टर. प्रॉक्टर म्हटल्यावर काही वेगळेच डोळ्यांपुढे येईल, पण इथे अर्थ सरळ आहे: बांधकामाचा कारभारी. कंत्राटे द्यायची, माप घ्यायचे, बिले तपासायची, कामगार आणायचे आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. प्रत्यक्ष पैसे अलेक्झांडर गॅरेट नावाचा खजिनदार द्यायचा, पण ब्रोकनब्रोची चिठ्ठी गेल्यावर.

जेफर्सनचा पत्रव्यवहार आता इंटरनेटवर वाचायला मिळतो. मी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याविषयी काही शोधायला तिथे गेलो आणि विटा, चुना, लाकूड, पत्रे ह्यांत अडकलो तो अडकलोच.

थॉमस जेफर्सनने आपल्या थडग्यावर कोरायला तीनच गोष्टी सांगून ठेवल्या होत्या: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि हे विद्यापीठ. राष्ट्राध्यक्षपद त्यात नाही. म्हणजे जीव किती गुंतला होता पाहा. १८१७ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, हा माणूस शार्लट्सव्हिल गावाबाहेरच्या माळावर स्वतः आखणी करायला गेला. त्याचा मुकादम एडमंड बेकन ह्याने आठवण सांगितली आहे, की वाटेत गावातल्या दुकानातून सुतळीचा गुंडा घेतला, आणि जेम्स डिन्समोर ह्या सुताराने छपराच्या फळ्या फोडून खुंट्या केल्या. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पहिली कोनशिला बसली. त्या समारंभाला जेफर्सन, मॅडिसन आणि त्या वेळी पदावर असलेला मन्रो असे तिघे राष्ट्राध्यक्ष उभे होते.

सुतळी झाली, कोनशिला झाली. पैसा?

तेव्हा हे विद्यापीठ नव्हते. सेंट्रल कॉलेज नावाची खासगी संस्था होती आणि ती वर्गणीवर उभी राहायची होती. जेफर्सनने स्वतःचे १,००० डॉलर घातले. त्याच्यामागून मित्रांनी घातले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घातले, यादी चाळीस हजारांच्या पुढे गेली. चार हप्त्यांत द्यायचे होते. पहिला हप्ता बरा आला. मग १८१९ सालची मंदी आली. बँका आखडल्या, जमिनीचे आणि तंबाखूचे भाव कोसळले, आणि वर्गणीदार तोंड चुकवू लागले. खुद्द जेफर्सन त्या वर्षी बुडाला: विल्सन केरी निकोलस ह्या मित्राच्या २०,००० डॉलरांच्या कर्जाला त्याने जामीन दिला होता आणि मित्राचे दिवाळे वाजले.

नेमके त्याच वर्षी, जानेवारी १८१९ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ह्या कॉलेजाला राज्याचे विद्यापीठ करून टाकले आणि वर्षाला १५,००० डॉलर मंजूर केले. आणि त्याच वर्षी ब्रोकनब्रो कामावर रुजू झाला. मुहूर्त पाहा. योजना केवढी? प्राध्यापकांसाठी दहा पॅव्हिलियन, म्हणजे खाली वर्ग आणि वर राहणे. विद्यार्थ्यांच्या १०९ खोल्या. जेवणाची सहा 'हॉटेले'. आणि मधोमध रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवर ७७ फूट व्यासाची घुमटाची इमारत, रोटुंडा. वर्षाला पंधरा हजारांत हे बांधायचे म्हटले तर आपल्या नातवंडांनी बघितले असते.

इथे जेफर्सनने जो डाव टाकला त्याला मी मनातून दाद देतो आणि त्याचा मला रागही येतो. बहुतेकांचे म्हणणे असे होते, की चार-पाच इमारती झाल्यात ना, मग वर्ग सुरू करा. फी येईल, बाकीचे सावकाश बांधू. जेफर्सनने साफ नकार दिला. त्याचे गणित सरळ होते. एकदा वर्ग सुरू झाले की ते पंधरा हजार प्राध्यापकांच्या पगारात जाणार, बांधकाम आहे तिथे थांबणार, आणि विधिमंडळ म्हणणार, चालले आहे ना, मग आणखी कशाला? त्यापेक्षा सगळे बांधून काढू, कर्ज काढून बांधू, आणि दार बंद ठेवू. इतक्या देखण्या इमारती ओस पडू द्यायला कोणते सरकार धजेल?

मग कर्जे निघाली. १८२०, १८२१ आणि १८२३ अशी तीनदा, दर वेळी ६०,००० डॉलर. एकूण १,८०,०००. सहा टक्क्यांनी व्याज धरले तर वर्षाला १०,८००. म्हणजे सरकारने एका हाताने दिलेल्या पंधरा हजारांतले दोन तृतीयांशाहून अधिक दुसऱ्या हाताने परत. ही कर्जे रिचमंडमध्ये मंजूर करून घेण्याचे काम जोसेफ कॅबेल ह्या सिनेटरच्या गळ्यात होते. छातीचा आजार, थंडीतले अधिवेशन. १८२१ मध्ये तो राजकारण सोडायला निघाला, तर जेफर्सनने असे पत्र लिहिले की बिचाऱ्याला सोडता आले नाही. म्हाताऱ्याची पत्रे वाचताना नेहमी जाणवते, ह्याला 'नाही' म्हणणे फार कठीण गेले असणार.

रिचमंडहून मंजुरी यायची, पण पैसा यायला वेळ लागायचा, आणि इकडे माळावर माणसे काम करत होती. त्यांना तोंड द्यायला होता ब्रोकनब्रो. फिलाडेल्फियाहून सुतार-गवंडी येऊन राहिले होते, स्थानिक ठेकेदार होते, मॉन्टिचेलोला जेफर्सनचे घर बांधलेले डिन्समोर आणि नीलसन हे आयरिश कारागीर होते. लाकूडकामाचा दर कसा ठरवायचा? १८१२ साली फिलाडेल्फियात मॅथ्यू कॅरीने सुतारकामाचे दरपुस्तक छापले होते. ते प्रमाण धरायचे, त्यावर सूट कापायची, आणि काम झाल्यावर माप घेऊन पैसे द्यायचे. कागदावर सोपे. प्रत्यक्षात एखादी नक्षीची पट्टी पुस्तकातल्या कुठल्या कलमात बसते ह्यावरून भांडणे. जेम्स ओल्डहॅम नावाचा ठेकेदार तर ब्रोकनब्रोवर इतका चिडला की त्याने थेट जेफर्सनकडे तक्रारी केल्या, आणि तंटा कोर्टापर्यंत गेला. घर बांधलेल्या कुणालाही हे नवे वाटणार नाही. मालक नकाशा काढतो, ठेकेदार बिल काढतो, आणि मधला माणूस दोघांच्याही लेखी चोर.

त्यात मालक असा, की त्याला प्रत्येक पॅव्हिलियनचे खांब वेगळ्या धाटणीचे हवे. विद्यार्थ्यांनी इमारती बघूनच वास्तुकला शिकावी म्हणून. खांबांची शीर्षे कोरायला इटलीहून राज्जी आडनावाचे दोन कारागीर प्रवासखर्च देऊन आणवले. आल्यावर कळले, की तिथला दगड असा की त्यात कोरिंथियन पाने कोरलीच जात नाहीत. एक जण तर घरच्या आठवणीने झुरून वर्षभरात परत गेला. मग शीर्षे तिकडे कॅराऱ्यातच कोरून घेऊन बोटीने मागवायची ठरले. एवढ्या खटाटोपापेक्षा दगड आधी पारखून घेतला असता तर, असे आपल्याकडचा कुठलाही पाथरवट म्हणाला असता.

पण काटकसरही तोच करायचा. बागांच्या कुंपणभिंती त्याने नागमोडी बांधवल्या. लोक त्यांचे फोटो काढतात, पण त्यामागे विटांचा हिशेब आहे: सरळ भिंत एकाच विटेच्या जाडीची बांधली तर कोसळते, वळणावळणाची उभी राहते. किती विटा वाचतील ह्याची बेरीज-वजाबाकी त्याने नकाशावरच केलेली आहे. खोल्यांच्या छपरांचे मात्र फसले. वरून चालता यावे म्हणून सपाट गच्ची आणि तिच्याखाली लहान लहान पन्हळींची रांग, अशी ती युक्ती होती. ती गळू लागली. आमच्या जूनमध्ये तर ती आठ दिवस टिकली नसती! पुढे वर स्लेटची छपरे घालावी लागली.

आता त्या वहीतले ते पान, जे वाचताना मी थांबलो. माळ सपाट करणे, पाया खणणे, माती मळणे, विटा भाजणे, लाकूड वाहणे: ही कामे मुख्यतः गुलामांनी केली. विद्यापीठ त्यांना वर्षाच्या कराराने भाड्याने घ्यायचे. भाडे मालकाला. जॉन पेरी, ज्याच्याकडून विद्यापीठाची जमीन विकत घेतली, तोच ठेकेदारही होता आणि त्याचे गुलामही ह्या कामावर राबले. ब्रोकनब्रोच्या हिशेबात चुना, खिळे, मक्याचे पीठ, तशीच ही माणसे येतात. पुष्कळदा नुसते एक नाव, आडनाव नाही. हे लिहिताना त्याचा हात अडखळला असेल असे मला वाटत नाही.

दुसरे पान कर्जाचे. ते १,८०,००० डॉलर आले कुठून? 'लिटररी फंडा'तून. १८१० साली व्हर्जिनियाने दंडाचा आणि बेवारस मालमत्तेचा पैसा साठवून हा निधी काढला तो गरिबांच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे म्हणून. १८१८च्या कायद्याने त्यातून वर्षाला ४५,००० डॉलर गरीब मुलांच्या शाळांना आणि १५,००० विद्यापीठाला अशी वाटणी झाली होती. विरोधक रिचमंडमध्ये हेच विचारत होते: गरिबाच्या पोराच्या पाटीचा पैसा जमीनदारांच्या मुलांच्या खांबांवर का? आपण त्यांना कोते म्हणून मोकळे होतो, पण प्रश्न खोटा नव्हता. गंमत अशी, की जेफर्सनलाही तो पटत होता. गावोगाव सरकारी शाळा हव्यात असे विधेयक त्याने १७७९ पूर्वीच तयार केले होते. १८२३ च्या जानेवारीत, तिसऱ्या कर्जाची खटपट चालू असताना, त्याने कॅबेलला लिहिले की प्राथमिक शाळा आणि विद्यापीठ ह्यांतले एक सोडायचीच वेळ आली तर मी विद्यापीठ सोडीन. आणि मग रोटुंडासाठी साठ हजार घेतले. तो ढोंगी होता असे मी म्हणणार नाही. वय ऐंशीच्या घरात होते, आणि दोन्ही व्हायला वेळ नव्हता. व्हर्जिनियात सर्वांसाठी सरकारी शाळांची व्यवस्था यायला १८७० उजाडले.

डाव मात्र जिंकला. जानेवारी १८२४ मध्ये विधिमंडळाने सगळ्या कर्जाचा बोजा विद्यापीठावरून उतरवला. पंधरा हजार पुन्हा पूर्ण हातात आले. ७ मार्च १८२५ ला वर्ग सुरू झाले तेव्हा रोटुंडा अजून अपुराच होता, पण आता तो कोण थांबवणार?

जेफर्सन ४ जुलै १८२६ ला वारला. स्वतःचे लाखाच्या वर कर्ज मागे ठेवून. ते माफ करायला कोणते विधिमंडळ पुढे आले नाही. लॉटरी काढायची परवानगी तेवढी दिली होती, तिचे काही झाले नाही. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोवर लिलाव पुकारला, त्याच्या जाहिरातीत जनावरे आणि सामानसुमान ह्यांच्या जोडीला १३० गुलाम होते. ब्रोकनब्रो आणखी काही वर्षे माळावर बिले फेडत राहिला.

मॉन्टिचेलो आणि हा विद्यापीठाचा परिसर १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेला, आमच्या जुन्या गोव्यातल्या चर्चेसनंतर बरोबर एक वर्षाने. रोटुंडा १८९५ च्या आगीत जळला होता, तो पुन्हा बांधलेला आहे. त्याच्यापासून थोड्या अंतरावर २०२० मध्ये ग्रॅनाइटचे एक वर्तुळाकार स्मारक पुरे झाले. तिथे राबलेल्या गुलामांची संख्या अंदाजे ४,००० धरून भिंतीवर तितक्या खुणा कोरल्या आहेत. त्यांतल्या सहाशेपेक्षा कमी जणांची नावे सापडली. काहींपुढे नुसता धंदा किंवा नाते आहे. बाकीच्या खुणा कोऱ्या. जी नावे मिळाली ती शोधताना संशोधकांना उपयोगी पडले ते पत्रांपेक्षा हिशेबाचे कागद, भाडे कोणाला आणि किती दिले ते लिहिलेले.