पाळीव प्राण्यांचे सहजीवन आणि व्यक्तिविकास

पाळीव प्राण्यांच्या सहवासातून माणसाच्या स्वभावात, सवयींत आणि भावजीवनात जे इष्ट बदल घडतात, त्यांचा विचार मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र या ज्ञानशाखांत केला जातो. जबाबदारीची जाणीव, दिनचर्येतील नियमितता, दुसऱ्याच्या वेदनेची समज, संयम आणि वियोग सोसण्याची शक्ती हे गुण अशा सहवासात वाढीस लागतात, असे सामान्यतः मानले जाते. या समजुतीला अनुभवाचा मोठा आधार आहे. शास्त्रीय पुरावा मात्र संमिश्र आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली सापडलेल्या दफनात एक पुरुष व एक स्त्री यांच्या सांगाड्यांसोबत कुत्र्याचे अवशेष मिळाले. हे दफन सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे आहे. ते पिल्लू डिस्टेंपर या रोगाने आजारी होते, असे अनुमान त्याच्या दातांच्या अभ्यासावरून काढण्यात आले. आजारी पिल्लू शिकारीच्या वा राखणीच्या कामाचे नसते. तरीही ते काही आठवडे जगले, ते माणसांनी शुश्रूषा केल्यामुळेच, असे या संशोधकांचे मत आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९३ साली प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुलांच्या प्राण्यांशी वागणुकीचा विचार केला आहे. मुक्या जिवांना छळण्याची सवय लागली की मन माणसांविषयीही कठोर होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. इंग्लंडमध्ये १७९६ साली सुरू झालेल्या यॉर्क रिट्रीट या मनोरुग्णालयाच्या अंगणांत रुग्णांसाठी ससे, कोंबड्या यांसारखे प्राणी ठेवले जात. अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना, अबोल झालेला मुलगा आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी सहज समरस होतो, असे आढळले. त्यांनी १९६२ साली यावर लेख लिहिला. प्राणीसाहाय्यित उपचारपद्धतीच्या आधुनिक विचाराचा आरंभ येथून मानला जातो.

महाराष्ट्रातील परंपरा

तहानलेल्या गाढवाला कावडीतील गंगाजल पाजणारे संत एकनाथ आणि पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव यांच्या कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहेत. बैलपोळ्याला बैलांना कामातून विश्रांती देऊन, न्हाऊ घालून पुरणपोळीचा घास भरवला जातो. प्राण्याकडे केवळ उपयुक्ततेच्या दृष्टीने न पाहण्याचा संस्कार या कथांतून व सणांतून होत आला आहे.

विकासाची अंगे

जबाबदारी व नियमितता : प्राण्याच्या भुकेला सुट्टी नसते. परीक्षा असो वा सण, पाणी बदलणे, स्वच्छता राखणे व फिरायला नेणे ही कामे टाळता येत नाहीत. दुसऱ्याची गरज स्वतःच्या सोयीआधी ठेवण्याचा हा रोजचा सराव ठरतो.

समानुभूती : प्राणी बोलत नसल्याने त्याच्या हालचालींचे निरीक्षण करावे लागते. मांजर शेपूट आपटू लागले की ते त्रासलेले असते. कुत्र्याचे शेपूट हलणे दर वेळी आनंदाचेच नसते. असे बारकावे ओळखताना दुसऱ्याच्या मनःस्थितीचा अंदाज घेण्याची सवय लागते.

संयम : झालेल्या चुकीबद्दल कुत्र्याला तासाभराने रागावले, तर त्याला शिक्षेचा संबंध कळत नाही. प्राण्याला शिकवू पाहणाऱ्याला प्रथम स्वतःचा राग आवरावा लागतो.

वियोग : कुत्र्याचे आयुष्य साधारणतः १० ते १३ वर्षांचे असते. त्यामुळे अनेक मुलांना मृत्यूची पहिली ओळख घरातील प्राण्याच्या निधनाने होते. ‘कुत्राच तर होता’ अशा शब्दांत या दुःखाची बोळवण केली जाते. समाजाने मान्यता न दिलेल्या अशा शोकाची स्वतंत्र संकल्पना अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी मांडली. मोठ्यांनी हे दुःख खरे मानले, तर मूल शोक व्यक्त करण्यास शिकते.

शास्त्रीय अभ्यास

एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी १९८० साली ९२ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणी पाळणाऱ्या ५३ रुग्णांपैकी ३, तर न पाळणाऱ्या ३९ रुग्णांपैकी ११ जण वर्षभरात दगावले. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखवले, की कुत्रा व त्याचा पालक यांनी एकमेकांकडे टक लावून पाहिल्यास दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते.

याउलट, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅल हर्झॉग यांनी २०११ साली अशा अभ्यासांच्या निष्कर्षांतील विसंगती दाखवून दिली. कॅलिफोर्नियातील ५ हजारांहून अधिक कुटुंबांच्या माहितीवर आधारित, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राणी असलेल्या घरांतील मुले अधिक निरोगी दिसली. परंतु उत्पन्न, घर इत्यादी घटक विचारात घेताच हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. प्राण्यामुळे घर सुस्थितीत येते, की सुस्थितीतील घरेच प्राणी पाळतात, हा प्रश्न त्यामुळे कायम राहतो.

मर्यादा व कायदेशीर बाजू

वेळ, जागा व खर्च यांचा विचार न करता आणलेला प्राणी पुढे अनेकदा रस्त्यावर सोडला जातो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार ताब्यातील प्राण्याच्या हिताची काळजी घेणे हे कर्तव्य असून सबळ कारणाशिवाय त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. अनेक घरांत पिंजऱ्यात ठेवला जाणारा देशी पोपट हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित असल्याने पाळता येत नाही. कुत्र्यामांजरांना रेबीजची लस वेळेवर देणे माणसांच्याही सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. मुलाला शिस्त लागावी म्हणून प्राणी आणला, तरी त्याच्या निगेची अंतिम जबाबदारी घरातील प्रौढांवरच राहते. मुलाचा उत्साह ओसरल्यावर ते कसे वागतात, यावरून मूल बरेच काही शिकते.