पंख्याचा कंडेन्सर आणि मोबाइलवरची वक्ररेषा

इअरफोन हाताशी नसेल तर हा भाग इथे वाचा.

आमच्या इंझोरीत पंखा जागच्या जागी गुरगुरायला लागला की कोणीही सांगतं, "कंडेन्सर गेला." पुस्तकात याच वस्तूला कपॅसिटर म्हणतात. मला वाटायचं, आपला शब्द गावठी. पण कंडेन्सर हे नाव इटलीच्या व्होल्टाने 1782 च्या सुमारास दिलेलं. कपॅसिटर नंतर आलं. म्हणजे आपला मेकॅनिकच जुन्या घराण्याचा!

तर आजची गोष्ट या कंडेन्सरच्या चार्जिंगची. अडचण सुरुवातीपासून एकच, ते डोळ्यांना दिसत नाही.

1745-46 मध्ये युरोपात काचेच्या बाटलीत वीज साठवायची युक्ती सापडली, ती लेडन जार. वीज साठली की नाही हे कळायचं कसं? झटक्याने! लेडनच्या मुशेनब्रुकने पॅरिसला पत्र लिहून कळवलं, की फ्रान्सचं राज्य दिलं तरी मी हा झटका परत घेणार नाही. त्याच वर्षी नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने राजासमोर 180 शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि सगळ्यांना एकदम उडवलं.

पण झटक्याने कळतं ते साठलेलं. ते कसकसं साठत गेलं, हे कळत नाही. ही गोष्ट महागात पडली 1858 मध्ये, अटलांटिक समुद्राखालच्या तारेच्या वेळी. आत तांबं, भोवती गटापर्चा, बाहेर खारं पाणी, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून लांब कपॅसिटरच की! प्रत्येक इशाऱ्याला आधी ही तार भरावी लागायची. राणीचा 98 शब्दांचा संदेश जायला 16 तास लागले. विल्यम थॉमसनने याचं गणित आधीच मांडलं होतं, पण कंपनीच्या व्हाइटहाउसला ते पटत नव्हतं. त्याने व्होल्टेज वाढवलं आणि तीनेक आठवड्यांत तार मेली.

आता माझी चूक. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी हाच प्रयोग होता. मल्टिमीटर बंद होता, म्हणून आम्ही मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवली. कॉलेजचं नाव सांगत नाही. आलेख मस्त गुळगुळीत आला, मार्कही पडले. पण कपॅसिटर चार्ज होताना मी पाहिलाच नव्हता!

तो पहिल्यांदा पाहिला मोबाइलवर, फेटच्या सर्किट किटमध्ये. भौतिकीचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये फेट सुरू केलं. फुकट आहे, मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट गेलं तरी चालतं. मी 9 व्होल्टची बॅटरी, 10 ओहमचा रेझिस्टर आणि 0.1 फॅरडचा कपॅसिटर जोडला. निळे ठिपके आधी धावत सुटले, मग मंदावले. दोन टाक्या पाइपने जोडल्यासारखंच. पातळीतला फरक कमी होतो तशी धार बारीक होते. रेझिस्टर आणि कपॅसिटरचा गुणाकार 1 सेकंद, तेवढ्यात 63 टक्के, म्हणजे 5.7 व्होल्ट. पुढच्या सेकंदात उरलेल्याचे 63 टक्के. पाच सेकंदांत 99 च्या वर.

हे खोटं-खोटं शिकणं आहे का? त्याच विद्यापीठात 2005 मध्ये एक अभ्यास छापून आला. बॅटरी, बल्ब, वायर या साध्या सर्किटवर सिम्युलेशनने शिकलेली मुलं पुढे खरं सर्किट जोडण्यातही आणि ते समजावून सांगण्यातही सरस ठरली. मला त्याचं कारण साधं वाटतं. स्क्रीनवर वाहणारं दिसतं, आणि लूज कनेक्शन शोधण्यात तास जात नाही.

तरी एक मेख आहे. 0.1 फॅरड म्हणजे पंख्याच्या 2.5 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरच्या 40,000 पट! डोळ्यांना दिसावं म्हणून घेतलेली ती सोय. शिवाय स्क्रीनवर झटका बसत नाही. खरा कंडेन्सर वीज बंद केल्यावरही चावू शकतो, हे विसरू नका.

म्हणून मग 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 9 व्होल्टची बॅटरी आणली, एक मल्टिमीटर मित्राकडून मागून घेतला. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहाव्या सेकंदाला 5.7 यायला हवे होते, आले 5.2. कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात वीस टक्के इकडेतिकडे चालतं. या खेपेला वहीत 5.2 च लिहिलं.