कोलकात्याच्या फाइलीत देवळाली प्रवरा

युनिक्स आणि तिच्या वळणावर घडलेल्या लिनक्ससारख्या कार्यप्रणालींमध्ये यंत्राने कसे वागावे याविषयीचे निर्णय प्रोग्रॅमच्या पोटात न ठेवता वेगळ्या फाइलींत लिहून ठेवण्याची रीत आहे. या फाइलींना कॉन्फिगरेशन फाइली म्हणतात आणि त्यांतील बहुतेक 'इटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. यंत्राचे नाव, वापरकर्त्यांची यादी अशा नोंदींच्या शेजारीच 'लोकलटाइम' ही स्थानिक वेळेची नोंद असते. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा येथे असा संगणक बसवताना भारत हा देश निवडला की ही नोंद 'एशिया/कोलकाता' या फाइलीकडे बोट दाखवू लागते, कारण भारतासाठी तेवढी एकच फाइल आहे. आजच्या व्यवहारात त्याने काहीच बिघडत नाही. मात्र त्या फाइलीत गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या वेळेचा इतिहासही साठवलेला आहे, आणि तो इतिहास देवळालीचा नाही.

ही फाइल निर्माण होण्यामागे एक जुनी अडचण होती. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत युनिक्स घडत असताना, १९७० च्या दशकात, वेळेचे नियम प्रोग्रॅममध्येच कोरलेले होते: न्यू जर्सीची वेळ ग्रिनिचच्या पाच तास मागे, आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याच्या अमेरिकी तारखा. कायदा बदलला की प्रोग्रॅम बदलावा लागे. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हे नियम प्रोग्रॅममधून काढून साध्या मजकुराच्या फाइलींत मांडले, ज्यांतून यंत्राला वाचता येईल असे आटोपशीर रूप तयार करता येते. पुढे पॉल एगर्ट यांनी हा संग्रह सांभाळला आणि वाढवला. त्यात प्रत्येक प्रदेशासाठी ग्रिनिचपासूनचे अंतर आणि ते अंतर कोणत्या तारखेपर्यंत चालले, अशा ओळी एकाखाली एक येतात.

'कोलकाता' फाइलीतील पहिली ओळ ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद ही कोलकात्याची सूर्यमानाची वेळ देते, आणि त्यानंतरची ओळ तीत जेमतेम आठ सेकंदांचा फरक करते. १८७० पासून ५ तास २१ मिनिटे १० सेकंद ही मद्रास वेधशाळेची वेळ, १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाण वेळ, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, मधला काही महिन्यांचा खंड वगळता, एक तास पुढे केलेले घड्याळ, असा पुढचा क्रम आहे. देवळाली प्रवरा सुमारे ७४.६ अंश पूर्व रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्यमानाची वेळ ग्रिनिचच्या सुमारे ४ तास ५८ मिनिटे पुढे येते. म्हणजे १८५० मधील एखादा क्षण या गावातल्या संगणकाला विचारला, तर तो गावच्या सूर्याहून सुमारे ५५ मिनिटे पुढची वेळ सांगेल, आणि तीही सेकंदांसकट, बिनदिक्कत.

पंचांगाच्या परंपरेत गावोगावच्या वेगळ्या वेळेचा हा प्रश्न कधीच पुसला गेला नव्हता. दिवसाच्या साठ घटिका आणि घटिकेची साठ पळे मोजणारे गणित एका गावासाठी केलेले असे, आणि दुसऱ्या गावी ते वापरताना रेखांशाच्या फरकाचा, म्हणजे देशांतराचा, संस्कार करावा लागे. एका अंशाला दहा पळे. प्रमाण वेळेच्या ८२.५ अंश रेखांशापासून देवळालीचे अंतर काढले तर ते एक घटिका आणि एकोणीस-वीस पळे भरते. 'कोलकाता' फाइलीत अशा संस्काराची सोयच नाही, कारण ती स्थळाचा विचार करीत नाही; सरकारमान्य घड्याळाचा करते.

सरकारमान्य घड्याळ मात्र या भागात एकटे नव्हते. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि राहुरी तालुक्यातून गेला, तेव्हा रेल्वेचे वेळापत्रक मद्रास वेळेवर बेतलेले होते, जी देवळालीच्या सूर्याहून सुमारे २३ मिनिटे पुढे होती. प्रांताच्या राजधानीत, मुंबईत, शहराची स्वतःची वेळ चालू होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मद्रास वेळ मुंबईवर लादण्याचा प्रयत्न केला आणि तो १८८३ मध्ये सोडून द्यावा लागला. १९०६ मध्ये प्रमाण वेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनी तिला जाहीर विरोध केला, आणि प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे चालणारा 'मुंबई टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकला. जवळजवळ अर्धशतक एकाच शहरात दोन घड्याळे चालली.

हा वाद संग्रहातील नियमांत नाही. एका प्रदेशाची वेगळी फाइल करायची ती फक्त तेथील घड्याळे १९७० नंतर शेजाऱ्यांपेक्षा वेगळी चालली असतील तरच, असे संग्रहाचे धोरण आहे. १ जानेवारी १९७० हा युनिक्सच्या कालगणनेचा आरंभ, ज्यापासूनचे सेकंद यंत्र मोजते. 'मुंबई टाइम' त्याआधी पंधरा वर्षे संपला होता, म्हणून मुंबईला फाइल मिळाली नाही, आणि मुंबईला जे नाही ते देवळालीला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. हे धोरण व्यवहाराला धरून आहे, पण इतिहासाला ते अन्यायकारकच ठरते. तरी मुंबई पूर्ण वगळली गेलेली नाही. आशियाच्या मूळ फाइलीत, यंत्राने ओलांडून जाण्याच्या ज्या टिपा असतात आणि ज्यांची सुरुवात विशिष्ट खुणेने होते, त्यांत १९०६ च्या गिरणी कामगारांच्या दंग्याचा उल्लेख आहे, आणि हिंदुस्थानातील जुन्या वेळेच्या नोंदी नक्की करणे किती अवघड आहे याची कबुलीही. माणसासाठी लिहिलेल्या या ओळी यंत्राच्या वाचनात येत नाहीत.

नावाची गोष्ट याहून सोपी निघाली. कलकत्त्याचे अधिकृत नाव २००१ मध्ये कोलकाता झाले आणि यथावकाश फाइलीचेही झाले. जुन्या नावाने शोधणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी ते नाव नव्याकडे नेणारी ओळ मात्र ठेवावी लागली. देवळालीचा जिल्हा असलेल्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तेव्हा असे काही करण्याची गरज पडली नाही. या यादीत जिल्हा कधी नव्हताच.

फाइलींतील जुन्या काळच्या ओळींची खरी चिंता ज्यांना होती त्यांत ज्योतिषी पुढे होते, कारण कुंडलीला जन्मवेळेचे ग्रिनिचमधले रूप लागते. संग्रहातील १९७० पूर्वीच्या माहितीचा मोठा भाग थॉमस शँक्स यांच्या ज्योतिषोपयोगी वेळकोशांवर आधारलेला होता, आणि त्यांचे हक्क सांगणाऱ्या अॅस्ट्रोलेब या ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने सप्टेंबर २०११ मध्ये ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा लावला. संग्रह काही दिवस बंद पडला, त्याची जबाबदारी इंटरनेटवरील नावे-क्रमांकांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे आली, आणि २०१२ च्या आरंभी दावा मागे घेण्यात आला. १९४४ मधील देवळाली प्रवरातील जन्म असेल आणि वेळ सरकारी घड्याळाची असेल, तर युद्धकाळातील वाढीव तास वजा करून संगणक बरोबर उत्तर देईल. १९३० मधील मुंबईचा जन्म 'मुंबई टाइम'मध्ये नोंदलेला असेल, तर तेच गणित ३९ मिनिटांनी चुकेल, आणि ती ३९ मिनिटे गणित करणाऱ्याला हाताने घालावी लागतील.