लायन इन विंटर, द

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री (कार. ११५४–८९) याच्या कुटुंबातील वारसाकलहावर आधारलेला प्रख्यात इंग्रजी चित्रपट (१९६८). अमेरिकन लेखक जेम्स गोल्डमन याने आपल्याच नाटकावरून (१९६६) त्याची पटकथा लिहिली व अँथनी हार्वी याने त्याचे दिग्दर्शन केले. शीर्षकातील ‘हिवाळ्यातील सिंह’ म्हणजे उतारवयाला लागलेला हेन्री होय.

कथानक ११८३ च्या नाताळात फ्रान्समधील शिनाँच्या किल्ल्यात घडते. थोरला राजपुत्र मरण पावल्याने वारसाचा प्रश्न उभा राहिला आहे. हेन्रीला धाकटा जॉन गादीवर हवा आहे, तर सणापुरती कैदेतून आणलेली राणी एलिनॉर रिचर्डचा पक्ष घेते. मधला जेफ्री दोन्ही बाजूंशी संधान बांधतो. फ्रान्सचा तरुण राजा दुसरा फिलिप या दुहीचा लाभ घेऊ पाहतो. त्याची सावत्र बहीण ॲलिस ही रिचर्डची वाग्दत्त वधू असली, तरी ती हेन्रीची प्रेयसी झाली आहे. हेन्री मुलांना तळघरात कोंडतो. परंतु त्यांना ठार करणे त्याला जमत नाही. अखेर राणी कैदेत परतते व प्रश्न अनिर्णित राहतो.

शिनाँ येथे असा नाताळचा दरबार भरल्याची नोंद इतिहासात नाही व त्यातील संवादही काल्पनिक आहेत. मात्र कलहाचा पाया ऐतिहासिक आहे. हेन्रीचे राज्य एकसंध नव्हते. इंग्लंड, नॉर्मंडी व आंझू हे प्रदेश त्याला मातापित्यांच्या वारशाने मिळाले होते, तर ॲक्विटेन ११५२ मध्ये एलिनॉरशी झालेल्या विवाहामुळे त्याच्याकडे आले. फ्रान्समधील प्रदेशांबाबत तो सरंजामी पद्धतीनुसार फ्रेंच राजाचा मांडलिक होता. त्यामुळे घरातील प्रत्येक भांडणात फ्रेंच राजाला हस्तक्षेपाची संधी मिळे. ११६९ च्या माँमिराय येथील वाटणीत थोरल्या हेन्रीला इंग्लंड, नॉर्मंडी व आंझू, रिचर्डला ॲक्विटेन आणि जेफ्रीला ब्रिटनी देण्याचे ठरले. जॉनच्या वाट्याला काहीच आले नाही. पुढे जॉनसाठी शिनाँसह तीन किल्ले देऊ करताच थोरल्या मुलांनी ११७३ मध्ये बंड पुकारले. त्यांना साथ देणारी एलिनॉर पकडली गेली व हेन्रीच्या मृत्यूपर्यंत बंदिवासात राहिली. ज्येष्ठ पुत्र जून ११८३ मध्ये वारला, तेव्हा ॲक्विटेन जॉनला द्यावे, असे हेन्रीने रिचर्डला सांगितले. रिचर्डने ते साफ नाकारले. चित्रपटातील पेच तो हाच.

खासगी संबंधांचे चित्रण तितके निर्विवाद नाही. हेन्री व ॲलिस यांच्या संबंधांचा प्रवाद समकालीन बखरकारांनी नोंदविला असून, ११९१ मध्ये रिचर्डने त्याच कारणावरून तिच्याशी विवाह नाकारला. रिचर्ड व फिलिप यांच्या जवळिकीविषयी चित्रपटात जे सूचित केले आहे, त्याला ११८७ मधील एका नोंदीचा आधार दिला जातो. दोघे एका ताटात जेवत व एका शय्येवर निजत, अशी ती नोंद आहे. तथापि अनेक आधुनिक इतिहासकार तिच्यात राजकीय मैत्रीचे जाहीर प्रदर्शन पाहतात. वेष्टनात बांधलेल्या भेटवस्तू व नाताळचे झाड या गोष्टी तर उघडच कालविसंगत आहेत.

चित्रपटाची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. फिरती न्यायालये, पंचांच्या शपथेवर चालणारी चौकशी आणि क्लॅरेंडनचे फर्मान (११६६) यांद्वारे इंग्लंडच्या सामान्य कायद्याची पायाभरणी करणारा हेन्री येथे फारसा दिसत नाही. दिसतो तो केवळ पिता व पती. परंतु या एकांगीपणातूनच एक ऐतिहासिक सत्य प्रकट होते. प्रजेच्या जमिनीच्या तंट्यांना नियम लावून देणाऱ्या राजाला स्वतःच्या वारशाला निश्चित नियम लावता आला नाही. राज्य ही कुटुंबाची मालमत्ता असल्याने बापाची आवडनिवड, आईचा रोष व भावांचा मत्सर हेच राजकारण ठरले.

पीटर ओटूल (हेन्री) व कॅथरिन हेपबर्न (एलिनॉर) यांच्या भूमिका विशेष गाजल्या. ओटूलने ‘बेकेट’ (१९६४) या चित्रपटातही हेन्रीचीच भूमिका केली होती. अँथनी हॉपकिन्स (रिचर्ड) व टिमथी डाल्टन (फिलिप) यांच्या चित्रपटीय कारकिर्दीच्या आरंभीच्या भूमिकांत यांची गणना होते. चित्रपटास अभिनेत्री (बार्ब्रा स्ट्रायसँडसह विभागून), रूपांतरित पटकथा व संगीत (जॉन बॅरी) यांसाठी ऑस्कर पारितोषिके लाभली.

चित्रपटाने अनिर्णित ठेवलेला प्रश्न इतिहासाने निकाली काढला. जेफ्री ११८६ मध्ये मरण पावला. रिचर्ड फिलिपला मिळाला आणि ६ जुलै ११८९ रोजी पराभूत हेन्रीचा शिनाँ येथेच अंत झाला. रिचर्डने राज्यावर येताच एलिनॉरला मुक्त केले. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या जॉनकडून फिलिपने १२०४ मध्ये नॉर्मंडी जिंकून घेतली. त्याच वर्षी एलिनॉर निधन पावली. हेन्री, एलिनॉर व रिचर्ड यांच्या समाधिप्रतिमा आज फाँतव्हरोच्या मठात शेजारी शेजारी आहेत.