तहाचे कलम आणि गोलंदाजाचा हात

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, वाघोलीस, वाघेश्वराच्या देवालयाजवळ पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. शाहू महाराजांच्या आणि थोरल्या बाजीरावांच्या अमदानीत नावारूपास आलेला हा सरदार १७५१ साली निवर्तला, आणि त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांच्या आतच घोडनदीच्या छावणीत ठाण मांडून बसलेली कंपनी सरकारची तैनाती फौज याच वाटेने पुण्यावर नजर ठेवू लागली. हे स्थित्यंतर केवळ रणांगणावर झाले असे समजणे भाबडेपणाचे होईल.

पिलाजींच्या पिढीचे बळ घोड्याच्या पाठीवर होते. १७३९ साली वसई घेताना चिमाजी आप्पांना तटाखाली सुरुंग ठासावे लागले, यावरून तोफखान्याची उणीव ध्यानी यावी. ती भरून काढण्यासाठी मराठी दरबारांनी फिरंग्यांकडे पाहावे हे स्वाभाविक होते, आणि इंग्रजांना ते खुपावे हेही तितकेच स्वाभाविक. १७७७ साली सां ल्युबँ नामक फ्रेंच गृहस्थाचे नाना फडणिसांनी पुण्यात आगतस्वागत केले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. पुढे युद्ध होऊन १७८२ साली सालबाईचा तह ठरला, त्यात पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीय राष्ट्रांच्या वखारी पेशव्यांनी आपल्या मुलखात होऊ देऊ नयेत, असे कलम इंग्रजांनी घालून घेतले. परंतु कलमाने वखार अडते, पोटासाठी चाकरी शोधीत हिंडणारा शिपाईगडी अडत नाही. दोनच वर्षांनी महादजी शिंद्यांनी द बॉयन या फिरंगी सेनानीस पदरी ठेवले, कवायती कंपू उभे राहिले, आणि आग्र्यास सँग्स्टर नावाच्या एका स्कॉच माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या.

कंपनीचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने हा धडा नीट गिरवला. १७९८ साली निजामाशी तह करून त्याने हैदराबादच्या फ्रेंच सरदारांच्या हाताखालची सुमारे चौदा हजारांची कवायती फौज, जी तीन वर्षांपूर्वी खर्ड्यास मराठ्यांसमोर उभी होती, एका दिवसात निःशस्त्र केली. रक्त सांडले नाही. याचे श्रेय मुत्सद्देगिरीस देण्याचा मोह होतो खरा, पण तहाचा कागद दरबारात असताना कंपनीच्या पलटणी त्या छावणीभोवती तोफा रोखून उभ्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

शिंद्यांच्या बाबतीत हा डाव साधला नाही. १८०३ साली युद्धाच्या आरंभीच जाहीरनामा काढून महादजींचे वारस दौलतराव यांच्या पदरचे गोरे अंमलदार आमिषाने फोडण्यात आले, त्यांचा फ्रेंच सेनापती पेरों स्वतः शरण गेला, आणि तरीही २३ सप्टेंबरला असईच्या मैदानात मराठी गोलंदाजांनी असा मारा केला की वेलस्लीच्या धाकट्या भावाच्या फौजेतले सुमारे सोळाशे लोक ठार-जखमी झाले. नोव्हेंबरात लासवारीस तर फ्रेंच अंमलदारांवाचून उरलेले कंपू कमालीच्या निकराने झुंजले. विद्या मराठी फौजेत मुरली होती. उस्ताद पळवून नेल्याने ती पळत नव्हती. जे मुत्सद्देगिरीस आठ-दहा वर्षे आधी कदाचित स्वस्तात साधले असते, ते आता तोफा प्रत्यक्ष हिसकावून घेतल्यावाचून साधेना. मग डिसेंबरअखेर सर्जेअंजनगावच्या तहात, इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या युरोपीय वा अमेरिकन सत्तेचा माणूस शिंद्यांनी चाकरीस ठेवू नये, असे कलम पडले. म्हणजे दार बंद झाले ते घर रिकामे झाल्यावर.

पेशव्यांच्या दाराला मात्र कडी आधीच लागली होती. चिमाजी आप्पांनी जिंकलेल्या त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी सहा हजार तैनाती पायदळ व त्याचा तोफखाना पत्करला, खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपीयांस चाकरीतून दूर ठेवण्याचे कबूल केले. त्यांना स्वतःचा कवायती कंपू हवाच होता, तोही मिळाला: दापोडीस, इंग्रज अंमलदार फोर्ड याच्या हुकमतीखाली, पगार पेशव्यांच्या खजिन्यातून. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली, तेव्हा हा कंपू दापोडीहून निघाला आणि इंग्रजांच्या फळीत जाऊन उभा राहिला.