दस्तुरी नाका आणि माथेरानची वाट

पर्यटकाचे वागणे उपदेशाने बदलते की वाटेच्या आखणीने, या प्रश्नाचा विचार करताना कर्जत तालुक्यातील माथेरानचा इतिहास बारकाईने पाहण्याजोगा आहे. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून गेले, पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या उत्तेजनाने तेथे थंड हवेचे ठिकाण वसले, आणि १९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या प्रयत्नांतून नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी वर पोचली. मोटारीचा रस्ता नंतर झाला, तोही दस्तुरी नाक्यापर्यंतच. तेथून पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षात बसून जायचे, ही रीत कायम राहिली आणि २००३ च्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेने तिला केंद्र शासनाचे पाठबळ मिळाले.

माणूस प्रत्येक पर्याय तोलून पाहत नाही, समोर जे सोपे असते ते स्वीकारतो, हे वर्तनविज्ञानाचे, म्हणजे प्रत्यक्ष निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासाचे, एक मुख्य निरीक्षण आहे. रिचर्ड थेलर आणि कास सनस्टीन यांनी २००८ मध्ये पर्यायांच्या अशा मांडणीला ‘निवडीची रचना’ म्हटले. मात्र त्यांच्या विचारात मनाई बसत नाही, म्हणून दस्तुरीची वाहनबंदी हा कायदाच मानावा लागतो, आणि त्या बंदीच्या आत चालणे हा सर्वांत सहज पर्याय ठरतो, एवढेच रचनेचे श्रेय.

याउलट आषाणे, सोलनपाडा किंवा खोपोलीजवळच्या झेनिथ धबधब्यावर पावसाळ्यात मनाई आदेश निघतात, परंतु पुढे गेलेली गर्दी दिसत असताना फलकाचे बळ कमी पडते. रॉबर्ट चियाल्डिनी यांनी अ‍ॅरिझोनातील अश्मीभूत अरण्यात केलेल्या प्रयोगात, अनेकजण लाकूड चोरून नेतात असे सांगणाऱ्या फलकाने चोरी उलट वाढली होती. इतरांचे वागणे हाच माणसाला नियम वाटतो.

तरीही माथेरानच्या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्याशिवाय तिचे कौतुक अपुरे, किंबहुना अन्यायाचे ठरेल. पाहुण्याला लाभलेली धूरमुक्त हवा दीर्घकाळ हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या श्रमावर उभी होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकली.