'कल्चर' : नांगरट, संस्कार आणि मशागत

इंग्रजीतील 'कल्चर' हा शब्द मराठीत आणताना आपण त्याची वाटणी केली आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कृषिविद्यापीठात 'टिश्यू कल्चर'चे 'ऊतिसंवर्धन' होते, मासे वाढविण्याच्या व्यवसायाला आपण 'मत्स्यसंवर्धन' म्हणतो, दूध नासू न देता त्याचे दही करणारे 'कल्चर' स्वयंपाकघरात 'विरजण' असते. आणि साहित्याच्या वर्गात मात्र तोच शब्द 'संस्कृती' होऊन येतो. इंग्रजी वाचकाला हे सारे अर्थ एकाच शब्दात ऐकू येतात. मराठी वाचकाला ते येत नाहीत. या वाटणीमुळे आपल्या समीक्षेच्या परिभाषेतून नेमके काय गळाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'कल्चर'चे मूळ 'कोलेरे' या लॅटिन क्रियापदात आहे. जमीन कसणे, वस्ती करणे, जोपासणे आणि पूजणे असे त्याचे अर्थ होते. वस्तीच्या अर्थातून 'कोलोनुस' आणि पुढे 'कॉलनी' हा शब्द आला. पूजेच्या अर्थातून 'कल्ट' आला. आणि कसण्याच्या अर्थातून 'कुल्तुरा'. इ. स. पूर्व ४५ च्या सुमारास लिहिलेल्या 'टस्क्युलन डिस्प्युटेशन्स' या ग्रंथात सिसरोने हा शेतीचा शब्द मनाला लावला. सुपीक शेतही कसल्यावाचून पिकत नाही, त्याचप्रमाणे शिक्षणावाचून मनही फळत नाही. तत्त्वज्ञान ही मनाची 'कुल्तुरा' होय, असा त्याचा युक्तिवाद आहे. येथे रूपक अजून जिवंत आहे. शब्द उच्चारताच शेत दिसते.

इंग्रजीतही पंधराव्या शतकात हा शब्द प्रथम जमिनीच्या लागवडीसाठीच आला. बेकन आणि हॉब्ज यांच्या काळापर्यंत तो मनाच्या जोपासनेसाठी रुळला. तरी 'कशाची जोपासना?' हा प्रश्न त्याला चिकटलेला होता. 'कल्चर' ही क्रिया होती आणि तिला कर्म लागत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर हे कर्म गळून पडू लागले. शब्द स्वयंपूर्ण झाला, क्रियेचा पदार्थ झाला. जर्मनीत हेर्डरने मानवजातीच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात (१७८४-९१) युरोपच्या श्रेष्ठत्वाची कल्पना नाकारून प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतंत्र जीवनरीतीचा विचार पुढे आणला. इंग्लंडमध्ये मॅथ्यू आर्नल्डने 'कल्चर अँड अनार्की' (१८६९) मध्ये त्याच शब्दाला पूर्णत्वाच्या साधनेचा अर्थ दिला. तर अवघ्या दोन वर्षांनी ई. बी. टायलरने 'प्रिमिटिव्ह कल्चर' (१८७१) मध्ये ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी या सर्वांना त्यात सामावून घेतले. एका अर्थाने 'कल्चर' थोड्यांकडे असते, दुसऱ्या अर्थाने ते प्रत्येक समाजाकडे असतेच. क्रोबर आणि क्लुकहोन यांनी १९५२ मध्ये या शब्दाच्या दीडशेहून अधिक व्याख्या एकत्र केल्या, त्यामागे हीच ओढाताण होती.

रेमंड विल्यम्स यांच्या 'कल्चर अँड सोसायटी' (१९५८) आणि 'कीवर्ड्स' (१९७६) या ग्रंथांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. शब्दाचा इतिहास हा त्यांच्या लेखी केवळ व्युत्पत्तीचा छंद नव्हता. जो शब्द श्रमातून आला तो श्रम न करणाऱ्यांच्या अभिरुचीचे नाव कसा झाला, हा त्यांचा प्रश्न होता. 'सांस्कृतिक भौतिकवाद' असे त्यांच्या भूमिकेचे भाषांतर आपण करतो तेव्हा हा प्रश्न ऐकूच येत नाही. कारण 'संस्कृती' या शब्दात शेत कधी नव्हतेच.

मग 'संस्कृती' हा शब्द आला कसा? वैदिक वाङ्मयात तो आहे. ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांच्या संदर्भात 'आत्मसंस्कृती' असा प्रयोग येतो. परंतु 'कल्चर'चा पर्याय म्हणून त्याची योजना आधुनिक आहे, आणि तिच्यात मराठीचा वाटा आहे. सुनीतिकुमार चटर्जी यांनी नमूद केले आहे की, हा पर्याय त्यांना १९२२ मध्ये पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून कळला. बंगालीत त्या वेळी 'कृष्टी' हा शब्द वापरात होता. रवींद्रनाथांना तो रुचत नव्हता. त्यांनी 'संस्कृती'ला पसंती दिली. वास्तविक 'कृष्टी' हा 'कृष्' म्हणजे नांगरणे या धातूशी जोडलेला आणि ऋग्वेदात लोकसमूह या अर्थाने आलेला शब्द. लॅटिन मुळाशी त्याचे नाते अधिक जवळचे. तो मागे पडला आणि त्याच्याबरोबर नांगरही मागे पडला.

'संस्कृती'मागे 'संस्कार' उभा आहे. संस्कार म्हटले की अधिकाराचा प्रश्न येतो : तो कोणावर करावयाचा आणि कोणावर नाही? उपनयनाचा अधिकार शूद्रांना नव्हता, स्त्रियांनाही तो उरला नव्हता. म्हणून 'मराठी संस्कृती' असे म्हणताना तीत कोण येते, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार उठला, तो शब्दाच्या मुळातूनच. १९५८ मध्येच, विल्यम्स यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊ साठे यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलित-श्रमिकांच्या तळहातांवर तरली आहे, असे सांगितले. दोघांचा परस्परांशी संबंध नाही; प्रश्न मात्र एकाच दिशेने जाणारा आहे. त्याआधी 'क्षत्रिय' शब्दाचा संबंध 'क्षेत्र' म्हणजे शेताशी जोडणाऱ्या जोतीराव फुल्यांनी हीच दिशा दाखविली होती. भाषाशास्त्राला ती व्युत्पत्ती मान्य होणार नाही. पण शब्दात शेत परत आणण्याची तिच्यामागील निकड समीक्षेने समजून घ्यावयास हवी.

अर्थात येथे एक सोपी विभागणी टाळली पाहिजे. 'कुल्तुरा' निष्पाप नव्हती. सिसरोच्या रोममध्ये मोठ्या जमिनी बव्हंशी गुलामांच्या श्रमावर कसल्या जात, आणि 'कॉलनी' हा त्याच कुळातील शब्द आहे. उलटपक्षी 'संस्कार'ही केवळ विधी नव्हे. आयुर्वेदात अग्नी, पाणी, घुसळण यांनी द्रव्यात नवा गुण आणण्याच्या क्रियेला संस्कारच म्हटले आहे. तेथे हात आहेत, काम आहे. तेव्हा शब्द बदलण्याचा आग्रह धरण्यापेक्षा त्याच्या पोटातील दडलेला अर्थ वर आणणे अधिक फलदायी ठरेल.

आणि मराठीला त्यासाठी दूर जावे लागत नाही. कष्ट या अर्थाच्या अरबी 'मशक्कत' शब्दावरून फारसीमार्फत आलेला 'मशागत' हा शब्द आपल्या शेतकऱ्याने जमिनीच्या कामासाठी रूढ केला, आणि 'मनाची मशागत' असा प्रयोग मराठीत सहज झाला. सिसरोचे रूपक कोणाच्याही भाषांतरावाचून येथे होते. पदव्युत्तर वर्गात विल्यम्स शिकविताना 'कल्चर'साठी 'संस्कृती' वापरावाच लागेल. तो रुळलेला आहे. परंतु त्याच्या शेजारी 'मशागत' आणि 'संवर्धन' हे शब्द फळ्यावर लिहून ठेवले, तर विद्यार्थ्याला निदान एवढे विचारता येईल की, ज्या कलाकृतीला आपण सांस्कृतिक ठेवा म्हणतो, तिच्याखालची जमीन कोणी कसली होती.